पाटीलबावांची फौज

आग्र्याहून दिल्लीकडे जाताना मथुरा स्टेशन आले, की आपली मराठी मंडळी पेढ्यांसाठी खिडकीशी गर्दी करतात. कोणी गोकुळ-वृंदावनाच्या यात्रेच्या आठवणी काढतो, कोणी यमुनेच्या दिशेने हात जोडतो. त्याच मथुरेत अठराव्या शतकाच्या अखेरीस एका मराठी सरदाराची छावणी दीर्घकाळ पडली होती, आणि दिल्लीच्या बादशहाचा कारभार त्या छावणीतून हालत होता, ही गोष्ट मात्र त्या क्षणी फारच थोड्यांना आठवते. महादजी शिंदे हे नाव आपणा सर्वांस ठाऊक असते. परंतु ठाऊक असते ते बहुधा शाळेच्या पुस्तकातील एका परिच्छेदापुरते. घरापासून शेकडो कोस दूर आयुष्य काढलेल्या या पुरुषाविषयी, घरापासून दूर राहणाऱ्या आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत काही लिहावे, असे मनात आले.

मी इतिहाससंशोधक नव्हे. बी. ए. ला इतिहास हा विषय होता, एवढीच काय ती शिदोरी; उरलेले आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत आणि बदल्यांत गेले. त्यामुळे महादजींच्या चरित्राकडे मी पाहतो तेही काहीसे कारकुनी नजरेने. तलवारीचे हात त्यांनी कसे केले, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला कुतूहल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे : रणांगणावर कोणी कोठे उभे राहावयाचे, कोणाच्या हुकुमाने हलावयाचे, आणि उभे राहणाऱ्याचा पगार कोठून यावयाचा, या प्रश्नांची उत्तरे त्यांनी कशी शोधली? या शोधात त्यांची तीस वर्षे गेली, आणि त्याची किंमत त्यांनी पुनःपुन्हा मोजली.

सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेड हे शिंद्यांचे मूळ गाव. राणोजी शिंदे बाजीरावसाहेबांच्या पदरी वाढले आणि माळव्यात त्यांनी घराण्याचा पाया घातला. १७४५ साली शुजालपूर येथे ते वारले. त्यांच्या मुलांची कहाणी वाचताना मन विषण्ण होते. जोतिबा बुंदेलखंडात मारले गेले. जयाप्पा १७५५ मध्ये नागोरच्या वेढ्यात मारेकऱ्यांच्या हातून पडले. दत्ताजींनी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर देह ठेवला. तुकोजी पानिपतावर गेले, आणि जयाप्पांचा तरुण मुलगा जनकोजी त्याच संहारात संपला. एका घराने एवढे द्यावे, याला सीमा नाही. उरले ते राणोजींचे धाकटे पुत्र महादजी, आणि तेही पाय कायमचा अधू होऊन.

पानिपताविषयी येथे थोडे थांबले पाहिजे, कारण महादजींच्या पुढील सर्व धडपडीचे मूळ, माझ्या समजुतीप्रमाणे, त्या एका दिवसात आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊंनी जी रचना केली होती ती गोलाची. डाव्या अंगास इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी आणि तोफा, त्यांच्या लगत दमाजी गायकवाड व विठ्ठल शिवदेव यांचे घोडदळ, मध्ये भाऊ आणि विश्वासराव यांची हुजुरात, उजव्या अंगास जनकोजी शिंदे व मल्हारराव होळकर, आणि पोटात बुणगे व बायकामुले. हा सर्व गोल न मोडता, तोफांच्या आश्रयाने, शत्रूची फळी सारीत पुढे जावयाचे, असा बेत होता. बेत वाईट नव्हता. परंतु गोल चालतो तो सर्वांच्या पावलाने. आणि त्या गोलात निरनिराळ्या पावलांचे लोक होते. गारदी आपल्या कवायतीप्रमाणे एकेक पाऊल टाकीत रोहिल्यांना मागे रेटीत होते. मराठी स्वाराला मात्र लहानपणापासून एकच गोष्ट शिकविलेली : संधी दिसली की घोडा घालावयाचा. डाव्या अंगाचे स्वार जागा सोडून पुढे धावले, शत्रूच्या माऱ्यापुढे त्यांचा घाव उलटला, आणि गारद्यांची बगल उघडी पडली. तिकडे अब्दाली स्वतः मागे राहून राखीव फौज हाताशी धरून बसला होता. पळून येणाऱ्या आपल्याच लोकांना परत लढाईत हाकण्यासाठी त्याने माणसे नेमली होती. दुपार कलल्यावर त्याने ती ताजी फौज सोडली. आपल्याकडे त्या वेळी सोडावयास काही उरले नव्हते.

शौर्य दोन्हीकडे होते. फरक होता तो कामांच्या वाटणीत. इब्राहिमखानाने स्वारांना थांबविण्याचा अधिकार वापरावा, तर तो त्याला कोणी दिला होता? दमाजी गायकवाडांसारख्या मातब्बर सरदाराने एका गारद्याचा इशारा मानावयाचा? मराठी फौज ही सरंजामी फौज. प्रत्येक सरदाराची पथके त्याची, त्यांचा पगार त्याच्या मुलखातून, त्यांचे इमान त्याच्यापाशी. सरदार पेशव्यांचा चाकर. पण सरदाराचा शिलेदार पेशव्यांचा चाकर नव्हे. लहान, चपळ मोहिमांत ही पद्धत उत्तम चालली. बाजीरावांनी तिच्यावर हिंदुस्थान पायाखाली घातला. पण मैदानात दिवसभर एका जागी उभे राहून लढावयाची वेळ आली, की तिची शिवण उसवत असे.

त्या दिवशी पळापळीत एका पठाण स्वाराने महादजींचा पाठलाग करून त्यांच्या पायावर घाव घातला आणि मेले असे समजून तो निघून गेला. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्यांना उचलून आपल्या बैलावर घातले आणि दक्षिणेत सुखरूप आणले. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानले. राणेखानभाई म्हणून तो प्रसिद्ध झाला. त्याची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

मधली काही वर्षे भराभर ओलांडू. घराण्याच्या सरदारीवर अनेकांनी हक्क सांगितला. महादजींना ती मिळाली १७६८ च्या सुमारास, थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत. पुढच्याच वर्षी निघालेल्या उत्तरेच्या मोठ्या मोहिमेत रामचंद्र गणेश, विसाजी कृष्ण आणि तुकोजी होळकर यांच्याबरोबर ते होते. मोहिमेच्या चार मुख्यांचे आपापसांत पटत नव्हते. तरीही ६ जानेवारी १७७२ रोजी शाहआलम बादशहास दिल्लीच्या तख्तावर पोहोचविण्यात आले, आणि पानिपताला अकरा वर्षे होण्याच्या आत मराठी निशाण पुन्हा यमुनेच्या काठी दिसले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात माधवराव वारले, आणि पुण्यास घरभेदाचे दिवस सुरू झाले.

इंग्रजांशी पहिली खरी गाठ पडली ती वडगावला. १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रज राघोबादादांना गादीवर बसविण्यासाठी बोरघाटाच्या वाटेने निघाले. तोफा, रसद, हजारो बैल आणि या सर्वांवर हुकमत करावयास तीन जणांची एक समिती! कर्नल एगर्टन, कार्नॅक आणि मॉस्टिन. त्यांपैकी मॉस्टिन आजारी पडून मोहिमेच्या ऐन मध्यावर वारला. एगर्टनला दुखण्यामुळे फौजेची सूत्रे कॉकबर्नकडे द्यावी लागली. समितीने कारभार कसा होतो, हे मला सरकारी नोकरीने चांगले शिकविले आहे, त्यामुळे या प्रकरणात मला इंग्रजांची थोडी कीवही येते. घाटमाथ्यापासून तळेगावापर्यंतची वाट काही दिवसांची नव्हे. पण हे सैन्य रोज एखादा कोसही धड सरकेना.

मराठ्यांकडे याच्या उलट कामे स्वच्छ वाटलेली होती. पुण्यात नाना फडणीस पैसा, रसद आणि राजकारण पाहत होते. मैदानात महादजी, हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर. तोफखान्यावर भिवराव पानसे. मोठी लढाई द्यावयाची नाही, शत्रूला चालू द्यावयाचे आणि चालता चालता त्याचे दाणापाणी तोडावयाचे, हा बेत सर्वांनी पाळला. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. आपल्या लोकांनीच त्याच्या धाडसाचे कौतुक करून त्याला इष्टूर फाकडा हे नाव दिले, हे विशेष. ९ जानेवारी १७७९ रोजी इंग्रज तळेगावास पोहोचले तेव्हा गाव जळलेले होते आणि खावयास काही नव्हते. ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात टाकून ते गुपचूप मागे फिरले, पण मागे फिरण्याची वाटही मोकळी नव्हती. वडगावात त्यांना सर्व बाजूंनी कोंडून धरले आणि त्यांना तह मागावा लागला. तो तह कलकत्त्याच्या इंग्रजांनी पुढे झुगारला, ही गोष्ट निराळी.

येथे महादजी थांबले असते, तर आपली जुनी पद्धत निर्दोष आहे, असे समाधान मानून स्वस्थ बसते. पण पुढील दोन वर्षांनी ते समाधान टिकू दिले नाही. ऑगस्ट १७८० मध्ये मेजर पॉपहॅमने रात्री शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला; अभेद्य म्हणून ज्याची ख्याती, तो किल्ला एका रात्रीत गेला. १७८१ च्या वसंतात कॅमॅक नावाच्या इंग्रज सरदाराने महादजींच्या छावणीवर रात्री छापा घातला आणि तोफा व सामान नेले. संख्येने थोड्या, पण एका शब्दावर उभ्या राहणाऱ्या आणि एका शब्दावर हलणाऱ्या पलटणी काय करू शकतात, हे त्यांनी स्वतःच्या छावणीत पाहिले. १७ मे १७८२ रोजी सालबाई येथे तह झाला. तो तह महादजींच्या मध्यस्थीने आणि जामिनकीवर झाला, यामुळे त्यांचे वजन वाढले. पण माणूस वजनदार झाला म्हणजे आपण कोठे उणे पडलो हे विसरतो, तसे त्यांचे झाले नाही.

१७८४ साली त्यांनी बनुआ द बॉयन या सॅव्हॉयच्या फिरस्त्या लष्करी गृहस्थाला चाकरीस ठेवले. मराठी कागदांत आणि बोलण्यात तो डिबॉइन म्हणून ओळखला जातो. फ्रेंचांच्या आणि रशियनांच्या फौजेत नोकरी करून, तुर्कांच्या कैदेत राहून, मद्रासेस कंपनीची चाकरी करून तो उत्तरेत आला होता. प्रत्येकी ८५० शिपायांच्या दोन पलटणी उभाराव्यात, असा करार ठरला. त्याच वर्षाच्या अखेरीस बादशहाने पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलक हे पद दिले आणि पेशव्यांचे नायब म्हणून त्याचा सर्व अधिकार महादजींकडे आला. कण्हेरखेडचा पाटील म्हणून स्वतःस म्हणवून घेणारा हा माणूस बादशाहीचा कारभारी झाला.

अधिकार आला, पण त्याबरोबर बादशाही फौजही आली, आणि तिच्याबरोबर तिची थकबाकी. मोगल सरदारांच्या जुन्या पलटणी, त्यांच्या तोफा, गोसाव्यांचे जथे, मराठी पागा आणि शिलेदार, आणि डिबॉइनच्या दोन पलटणी, अशी ती सरमिसळ झाली. प्रत्येकाचा पगार निराळ्या दराने, निराळ्या हाताने आणि बहुधा उशिरा. मुलूख वसूल होत नव्हता. त्यासाठीच महादजी जयपूरकडून खंडणी उगवण्यास निघाले, आणि तेथेच अडकले. जयपूर व जोधपूर एक झाले. महंमद बेग हमदानी हा मोगल सरदार ऐन वेळी शत्रूस मिळाला. २८ जुलै १७८७ रोजी लालसोटजवळ तुंगा येथे लढाई झाली. राठोड स्वारांनी जीव तोडून हल्ले केले. डिबॉइनच्या पलटणी हलल्या नाहीत. हमदानी तोफेच्या गोळ्याने ठार झाला. संध्याकाळी कोण जिंकले हे सांगता येत नव्हते.

पराभव झाला तो त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, एकही गोळी न सुटता. बादशाही चाकरीतल्या हिंदुस्थानी पलटणींनी थकलेल्या पगारासाठी गलबला केला आणि त्या आपल्या तोफांसह उघडपणे शत्रूच्या छावणीत चालत्या झाल्या.

हा प्रसंग मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवते. नोकरीच्या सुरुवातीस मी एका दूरच्या प्रकल्पावर हिशेबाच्या कामास होतो. मंजुरीचा एक कागद कोठेतरी अडकला आणि रोजंदारीवरच्या माणसांना दोन महिने पगार मिळाला नाही. ती माणसे ओरडली नाहीत. सकाळी खिडकीसमोर येऊन उभी राहत, माझ्याकडे पाहत आणि निघून जात. तिसऱ्या आठवड्यात त्यांतली निम्मी दिसेनाशी झाली. चूक माझी नव्हती, पण त्यांच्या दृष्टीने खिडकीत बसलेला मीच सरकार होतो. लालसोटच्या त्या शिपायांना विश्वासघातकी म्हणण्यास माझी लेखणी त्या दिवसापासून धजत नाही. महादजींनीही, असे दिसते, त्यांच्यावर नुसता राग धरला नाही. गोष्टीचे मूळ ओळखले.

त्या रात्रीनंतरची त्यांची माघार हा त्यांच्या आयुष्यातील एक उत्कृष्ट पराक्रम समजला पाहिजे. जे राहिले त्यांना घेऊन, शत्रू अंगावर असताना, फौज न विस्कटू देता ते डीगपर्यंत आले, आणि पुढे चंबळेपलीकडे हटले. दिल्ली गेली. आग्र्याचा किल्ला मात्र लखबादादा लाड यांनी इस्माइल बेगाच्या वेढ्यात महिनोन् महिने झुंजविला. लखबादादा आणि जिवबादादा बक्षी हे दोघेही गोमंतकाकडचे सारस्वत. एकेकाळी कारकुनी पेशातून आलेली ही माणसे रणांगणावर सेनापती म्हणून कशी उभी राहिली, हा आपणा लेखणीच्या लोकांना अभिमान वाटण्याजोगा विषय आहे.

दिल्लीत गुलाम कादिराने जे केले ते सर्वश्रुत आहे. १० ऑगस्ट १७८८ रोजी त्याने वृद्ध शाहआलमाचे डोळे काढले. त्यापूर्वीच, एप्रिलात चकसान येथे मराठ्यांना हटावे लागले आणि १८ जूनला आग्र्याजवळ इस्माइल बेगाचा त्यांनी मोड केला. ऑक्टोबरात मराठी फौज दिल्लीच्या किल्ल्यात शिरली. या सर्व कामांत पुढारी होता राणेखान. ज्या भिस्त्याने पानिपताहून जखमी धन्याला बैलावर घालून आणले, तोच आता धन्याच्या फौजेची सूत्रे हाती घेऊन दिल्लीत आला. जात, धर्म, घराणे यांच्यापलीकडे जाऊन माणूस पारखावयाचा आणि पारखल्यावर त्याच्यावर सोपवावयाचे, हा महादजींचा गुण येथे जितका स्पष्ट दिसतो तितका इतरत्र क्वचितच.

यानंतर महादजींनी जे केले ते माझ्या मते त्यांच्या सर्व लढायांपेक्षा मोठे होय. डिबॉइन काही काळ चाकरी सोडून लखनौस गेला होता; दोन पलटणींवर काही होत नाही, संपूर्ण कंपू पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते आणि महादजींना तेव्हा खर्च झेपत नव्हता. त्यांनी त्याला परत बोलाविले. १७९० मध्ये पहिला कंपू उभा राहिला, पुढच्या वर्षी दुसरा, आणि १७९३ पर्यंत तिसरा. एका कंपूत सुमारे दहा पलटणी. काही तेलंग्यांच्या, म्हणजे बंदूक व संगीन घेऊन इंग्रजी धर्तीने कवायत करणाऱ्या. काही नजीबांच्या, देशी तोड्याच्या बंदुकांच्या. प्रत्येक पलटणीबरोबर बैलांनी ओढावयाच्या तिच्या स्वतःच्या हलक्या तोफा, म्हणजे तोफखाना कोठेतरी मागे अडकून पडला आणि पायदळ उघड्यावर लढले, असे होऊ नये. आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. जखमी शिपायास त्याच्या जखमेच्या मानाने रक्कम मिळे आणि उपचाराच्या दिवसांचा पगार कापला जात नसे. जन्माचा अधू झालेल्यास निम्म्या पगाराची पेन्शन आणि जमीन मिळे. अठराव्या शतकातील हिंदुस्थानात हे होते, हे वाचून आजच्या पेन्शन विभागातल्या माणसालाही नवल वाटेल.

आणि पगार? त्यासाठी गंगा-यमुनांच्या दुआबातील परगणे कंपूच्या खर्चास तोडून देण्यात आले; त्यांचा वसूल थेट डिबॉइनकडे, कोईल म्हणजे आजच्या अलीगढ येथील त्याच्या ठाण्यात यावयाचा आणि तेथून शिपायास पोहोचावयाचा. मध्ये दिवाण नाही, मुत्सद्दी नाही, दरबाराची मर्जी नाही. लालसोटचे उत्तर ते हेच. माझी अलीगढला बदली झाली तेव्हा मी तो जुना किल्ला दोनदा पाहून आलो. गवत माजले होते, आणि तेथे मराठी माणसाने पाहावे असे काही नाही, असे सोबतच्या गृहस्थांचे म्हणणे पडले. मी त्यांना काही बोललो नाही.

रणांगणावरची वाटणीही आता ठरली. मध्ये कंपू आणि त्याच्या तोफा. शत्रूची फळी फोडावयाची ती त्यांनी. दोन्ही बगलांस आणि पिछाडीस मराठी घोडदळ. कंपूच्या बगला राखणे, शत्रूची रसद मारणे आणि फळी फुटल्यावर पाठलाग करणे हे काम त्यांचे. घोडेस्वाराला ज्यात गती ते त्याला दिले, आणि पायदळाला ज्यात गती ते पायदळाला. सबंध मोहिमेचा मुखत्यार गोपाळराव भाऊ. त्यांच्याबरोबर लखबादादा, जिवबादादा आणि डिबॉइन. स्वतः महादजी मथुरेस. खजिना, बादशहा, राजपूत दरबार, इंग्रज वकील आणि पुण्याहून आलेले अलीबहाद्दर यांचे रुसवेफुगवे एवढे सर्व त्यांच्या माथी होते, आणि लढाई मात्र त्यांनी लढणाऱ्यांवर सोडली. शंभर कोसांवरून रोज हुकूम पाठविण्याचा मोह ज्याला आवरता येतो, असा वरिष्ठ मी माझ्या नोकरीत क्वचितच पाहिला.

२० जून १७९० रोजी पाटणला, म्हणजे तंवरांच्या पाटणला, इस्माइल बेग आणि राजपूत यांच्याशी गाठ पडली. दिवसभर दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या होत्या. दिवस कलताना चकमक पेटली आणि लढाई जुंपली. इस्माइल बेगाचे स्वार तोफांवर येऊन आदळले, गोलंदाज कापले गेले, पण मागची फळी जागची हलली नाही; आणि मग ती पुढे सरकू लागली ती थांबली नाही. शंभरावर तोफा हाती आल्या. त्यानंतर १० सप्टेंबरला मेडता. तेथे आदल्या दिवशीच हल्ला करावा, अशी लखबादादांची उतावीळ होती. माझे लोक चालून थकले आहेत, पहाटे करू, असे डिबॉइनने सांगितले आणि ते मानले गेले. तीस वर्षांपूर्वी एका मराठी सरदाराने पायदळाच्या परक्या नायकाचे असे ऐकले असते काय? पहाटे तोफा सुरू झाल्या. रोहान नावाचा एक कप्तान हुकमाशिवाय तीन पलटणी घेऊन पुढे गेला, आणि राठोडांनी तेवढी फट पाहून घोडे घातले. पानिपतासारखाच हा क्षण होता. पण या वेळी डिबॉइनने आपल्या पलटणींचा पोकळ चौकोन केला, चारी बाजूंस तोंडे वळली, आणि राठोड पुनःपुन्हा येऊन त्या संगिनींवर आणि छर्ऱ्यांवर पडले. त्यांच्या शौर्याला तोड नव्हती. ते वाया गेले. मारवाडने तह केला आणि अजमेर महादजींकडे आले.

१७९२ च्या जूनमध्ये महादजी पुण्यास आले. तरुण सवाई माधवरावांना बादशाही फर्माने आणि वस्त्रे देण्याचा मोठा समारंभ झाला, आणि त्या समारंभात सर्व हिंदुस्थानचा हा कारभारी धन्याचे जोडे हाती घेऊन उभा राहिला, ही कथा प्रसिद्धच आहे. काहींना त्यात नाटक दिसते, काहींना निष्ठा. दोन्ही असू शकेल. त्यांचे पुण्यातील खरे काम मात्र रुक्ष होते : उत्तरेच्या मोहिमांचा झालेला प्रचंड खर्च पेशवे सरकारने मान्य करावा, म्हणून नानांच्या दप्तराशी हिशेबांची झटापट चालली होती.

आणि ते पुण्यात असतानाच उत्तरेत ती दुर्दैवी लढाई झाली. तुकोजी होळकर आणि शिंदे यांची तेढ जुनी होती. होळकरांनीही दुद्रनेक या फ्रेंच माणसाकडून पलटणी तयार करविल्या होत्या. १ जून १७९३ रोजी लाखेरीच्या खिंडीत गोपाळराव भाऊ व डिबॉइन यांनी होळकरांचा मोड केला. लढाईच्या आरंभीच डिबॉइनच्या दारूगोळ्याच्या गाड्यांना आग लागून स्फोट झाला. होळकरांचे स्वार त्याच क्षणी तुटून पडते, तर निकाल उलटा लागता. ते पडले नाहीत. दुद्रनेकच्या पलटणी मात्र जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत जागेवर लढून मेल्या. नव्या कवायतीने शिकविलेले जागा न सोडणे दोन्ही बाजूंच्या शिपायांनी इतके नेमके गिरविले होते, आणि दोन्ही बाजूंस मराठ्यांचीच निशाणे होती. लाखेरीचा विजय ऐकून महादजींना काय वाटले असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

डिबॉइनने चाकरी घेताना इंग्रजांविरुद्ध आपण लढणार नाही, अशी अट घातलेली होती, आणि महादजींनी ती मान्य केली होती. आपण हयात आहोत तोवर इंग्रजांशी गाठ पडू द्यावयाची नाही, असा त्यांचा हिशेब असावा. हिशेब खरा होता. पण तो त्यांच्या हयातीपुरता. कंपूंचे मुख्य अधिकारी परदेशी, त्या अधिकाऱ्यांस बांधणारा धागा एकाच माणसाच्या हातात, आणि आपल्या मराठी माणसांतून तसे कवायती नायक तयार करण्याची व्यवस्था काहीच नाही, हे उणे त्यांच्या रचनेत राहून गेले. गोपाळराव, लखबादादा, जिवबादादा यांच्याकडे मोहिमेची मुखत्यारी दिली, पण कंपूची किल्ली दिली नाही. लालसोटची त्यांना एवढी धास्ती बसली होती, की पगाराची साखळी तुटू नये म्हणून त्यांनी ती सबंधच एका परक्याच्या कमरेला बांधली.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे ज्वराने महादजींचा अंत झाला. पुत्र नव्हता. पुतण्याचा मुलगा दौलतराव, वयाने अगदी लहान, गादीवर आला. १७९६ मध्ये जिवबादादा गेले आणि त्याच वर्षी डिबॉइन हिंदुस्थान सोडून निघाला. कंपू पेरॉंकडे आले. महादजींच्या विधवांचा दौलतरावांशी झगडा उभा राहिला तेव्हा लखबादादा त्या बायांच्या बाजूने उभे राहिले, आणि ज्यांनी पाटण-मेडत्यास एका फळीत लढून जय मिळविला ती माणसे एकमेकांवर तोफा डागू लागली. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध सुरू होताच कंपूंतील कित्येक परदेशी अधिकारी चालते झाले. ४ सप्टेंबरला अलीगढचा किल्ला पडला. पेरॉं इंग्रजांच्या आश्रयास गेला. अधिकारी गेले तरी शिपाई मात्र गेले नाहीत. असईला २३ सप्टेंबरला आणि लासवाडीला १ नोव्हेंबरला ते आपापल्या तोफांपाशी उभे राहिले आणि तेथेच पडले, आणि त्यांच्या शत्रूंनीही त्यांची वाखाणणी केली. ज्याने त्यांना उभे राहावयास शिकविले आणि ज्याने त्यांचा पगार चुकू दिला नाही, त्या दोघांपैकी एकही तेव्हा त्यांच्या मागे नव्हता.

डिबॉइन आपल्या गावी, शांबेरीस, १८३० पर्यंत जगला. त्याच्या स्मरणार्थ तेथील चौकात एक कारंजे उभारलेले आहे, आणि त्यावर चार हत्तींची पुढची अंगे कोरलेली आहेत. आल्प्सच्या पायथ्याशी हत्ती! वानवडीला महादजींची छत्री आहे. सुट्टीत पुण्यास गेलो की मी मुलांना तेथे नेत असे, आणि मुले हमखास विचारीत, हे इथे राहत होते का? मी सांगत असे, नाही, हे आपल्याकडे राहत होते; मथुरेला.